गिरणगांवच्या मतसीमा : सन १९३७ ते २००९

जुन्या सनदा व दानपत्रें चाळणाऱ्यास चतुःसीमेचें महत्त्व सांगावयास नको. पूर्वेस ओढा, पश्चिमेस अमक्याचें शेत, असें लिहिल्यावांचून दान पुरें होत नसे. आणि दिलेलें दान जो मोडील त्यास शाप असे. परळ येथें सांपडलेल्या, शिलाहार अपरादित्याच्या इ. स. ११८७ च्या शिलालेखाखालीं असा गद्धेगाळ कोरलेला आहे. त्याच परळच्या भूमीवर विसाव्या शतकांत निराळ्या सीमा आंखल्या गेल्या, त्या मतदारसंघांच्या. त्या अनेकदां मोडल्या, पण त्यांच्या रक्षणास गद्धेगाळ नव्हता. त्यांचा विचार प्रस्तुत लेखीं कर्तव्य आहे.

सीमा आंखणाराच्या हातीं निवडणुकीचा निकाल बराचसा असतो, हें अमेरिकेंत लवकर ध्यानांत आलें. सन १८१२ मध्यें मॅसॅच्युसेट्सचे गव्हर्नर एल्ब्रिज गेरी यांच्या कारकीर्दींत, त्यांच्या पक्षाच्या सोयीनें, एक मतदारसंघ इतका वेडावांकडा आंखला गेला कीं, त्याची आकृति सॅलॅमँडर या पालीसारख्या प्राण्याची भासे. दोन्ही नांवें जोडून 'गेरीमँडर' शब्द झाला. मुंबईंत असा डाव कोणी खेळला असें आमचें म्हणणें नाहीं. डाव नसतांहि सीमा व मतें मोजण्याची रीत बदलली म्हणजे त्याच वस्तीचा कौल निराळा निघतो, एवढेंच आम्हांस दाखवावयाचें आहे.

पहिला दाखला सन १९३७ चा. सन १९३२ च्या पुणें करारानें अस्पृश्य वर्गास संयुक्त मतदारसंघांत राखीव जागा मिळाल्या. पुढें सन १९३५ च्या कायद्यान्वयें हॅमंड समितीनें मतदारसंघांची आंखणी तपासली. मुंबई प्रांतांत अनेक जागांच्या मतदारसंघांस एकवट मतदानाची रीत लागू झाली. म्हणजे जितक्या जागा तितकीं मतें, आणि तीं सर्व एकाच उमेदवारास देण्याची मोकळीक. भायखळा-परळ मतदारसंघांतून डॉ. बाबासाहेब आंबेडकर स्वतंत्र मजूर पक्षातर्फे उभे राहिले. काँग्रेसनें प्रख्यात क्रिकेटपटु पाळवणकर बाळू यांस उभें केलें होतें. आंबेडकरांस १३,२४५ व बाळूंस ११,२२५ मतें पडलीं. मताधिकार मर्यादित होता. तरी अल्पसंख्य मतदारांस आपलीं मतें एकवटून आपला माणूस निवडण्याची वाट या रीतीनें मोकळी ठेविली होती.

दुसरा दाखला सन १९५२ चा. आतां मताधिकार सर्व प्रौढांस मिळाला, हा लाभ लहान नव्हे. पण मुंबई शहर उत्तर हा लोकसभेचा द्विसदस्य मतदारसंघ पूर्वींच्या भायखळा-परळहून कितीतरी मोठा होता, आणि मतदानाची रीतहि पालटली होती. मतदारास मतें दोन. पण एका उमेदवारास एकाहून अधिक मत दिल्यास जास्तीचें मत बाद. काँग्रेसचे नारायण काजरोळकर यांस १,३८,१३७ व आंबेडकरांस १,२३,५७६ मतें मिळाली. १४,५६१ मतांनीं आंबेडकर पडले. बाद मतें ७०,००० हून अधिक होतीं. दुसरें मत कुजविण्याचा प्रचार झाला, अशी तक्रार आंबेडकर व अशोक मेहता यांनीं निवडणूक अर्जांत केली. तिचा उपयोग झाला नाहीं. बाद झालेलीं सर्व मतें आंबेडकरांस मिळालीं असतीं, असें कोणी समजूं नये. मुद्दा इतकाच कीं, सन १९३७ त मतें एकवटून जें साधे, तें सन १९५२ त इतरांच्या दुसऱ्या मतावर अवलंबून राहिलें.

तथापि रीतीसच सर्व दोष देणें बरोबर नाहीं. सन १९५७ मध्यें रीत तीच होती. मुंबई शहर मध्य या द्विसदस्य मतदारसंघांतून संयुक्त महाराष्ट्राच्या लाटेंत श्री. अ. डांगे व शेड्यूल्ड कास्ट फेडरेशनचे गोपाळ माने दोघेहि निवडून आले. जेथें दुसरें मत मित्राचें होतें, तेथें तें कुजलें नाहीं. सन १९६१ च्या कायद्यानें द्विसदस्य मतदारसंघच संपले.

तिसरा दाखला सन २००८ चा. आणीबाणींत जागांची वांटणी गोठविली गेली होती. मध्यंतरीं सन १९८२ चा गिरणी संप झाला, गिरण्या बंद पडल्या आणि वस्ती उपनगरांकडे वाढली. सन २००१ च्या खानेसुमारींत शहर जिल्ह्यांत ३३,३८,०३१ व उपनगर जिल्ह्यांत ८६,४०,४१९ लोक होते. विधानसभेच्या जागा मात्र उभयतांस सतरा सतरा. म्हणजे शहरांत जागेमागें सुमारें १.९६ लाख, तर उपनगरांत ५.०८ लाख माणसें. न्यायमूर्ति कुलदीप सिंग यांच्या आयोगानें शहरास १० व उपनगरास २६ जागा दिल्या. दोहोंकडे जागेमागें सुमारें ३.३ लाखांचें प्रमाण आलें. हिशेब चोख झाला.

पण हिशेबांत नांवें गेलीं. खेतवाडी, ऑपेरा हाऊस, उमरखाडी, चिंचपोकळी, नागपाडा, माझगांव, परळ, नायगांव, दादर, माटुंगा हीं दहा नांवें यादींतून पुसलीं गेलीं. गिरगांव बहुतांशीं मलबार हिलमध्यें गेलें, लालबाग-परळ शिवडींत, आणि दादर माहीम व वडाळा यांत विभागलें. सन २००९ त नायगांवचे कालिदास कोळंबकर वडाळ्यांतून, शिवडीचे सचिन अहिर वरळींतून व माझगांवचे बाळा नांदगांवकर शिवडींतून निवडून आले. त्याच वर्षीं लोकसभेसाठीं लालबाग-परळ हें कुलाबा व मलबार हिलशीं एकाच दक्षिण मुंबईंत जोडलें गेलें होतें. दक्षिण-मध्य मुंबईचे १९९१ पासूनचे खासदार मोहन रावले तेथें तिसरे आले, नांदगांवकर दुसरे, आणि मिलिंद देवरा विजयी. रावले व नांदगांवकर यांचीं मतें मिळून देवरांहून अधिक होतीं. तेव्हां पराभवाचें कारण नवी सीमा कीं मतांची फाटाफूट, हा निवाडा एका वाक्यांत होणार नाहीं.

तो निवाडा करावयाचा तर साधनें हवींत. संग्राहक मोडी रुमालांसाठीं वाडे धुंडाळतात. तीच आस्था जुन्या मतदारयाद्या, राजपत्रांतील सीमावर्णनें, मतदारसंघांचे नकाशे व उमेदवारांचीं पत्रकें यांविषयीं असावी. हे कागद चाळींच्या माळ्यांवर पडलेले असतात, आणि चाळी पडत आहेत. कोणत्या गल्लीचें मत कोणत्या पारड्यांत पडलें, हें सांगणारे हे आपल्या काळचे चतुःसीमेचे लेख आहेत. ते गेल्यावर परळचा कौल कां पालटला याचें उत्तर केवळ तर्कानें द्यावें लागेल.