मृत्पात्री
ओल्या मातीला आकार देऊन, वाळवून व भट्टीत भाजून केलेल्या वस्तू. माठ, लोणच्याची बरणी व चहाची कपबशी या एकाच कुळातल्या; त्यांच्यात फरक पडतो तो मातीचे मिश्रण व भाजणीचे तापमान यांमुळे.

घटक : चिनी मातीमुळे आकार धरतो, गारेच्या पुडीमुळे आकसणे कमी होते आणि फेल्डस्पार भट्टीत वितळून कणांमधील फटी भरतो. पोर्सलीनमध्ये यांचे प्रमाण साधारणपणे २:१:१ असते. शुद्ध चिनी मातीत सु. ४६% सिलिका, ४०% ॲल्युमिना व १४% रासायनिक रीत्या बद्ध पाणी असते. महाराष्ट्रात ती सिंधुदुर्ग, चंद्रपूर इ. जिल्ह्यांत सापडते, कणकवली तालुक्यातील कासार्डे सिलिका वाळूसाठी प्रसिद्ध आहे.

घडण : माती भिजवून, तुडवून व मळून एकजीव करतात. चाकावरून उतरलेला माठ थोडा सुकला की आतून गोटा धरून बाहेरून थापीने ठोकतात. त्याने पोट फुगते व भिंत पातळ होते. कारखान्यात पातळ कालवलेली माती प्लॅस्टरच्या साच्यात ओततात. साचा पाणी शोषून घेतो, कडेला थर धरतो व उरलेली माती ओतून काढतात.

भाजणी : सु. ५००° ते ६००° से. दरम्यान बद्ध पाणी निघून जाते. मग माती पुन्हा भिजून मऊ होत नाही. गारेतील क्वॉर्ट्झ ५७३° से.ला एकाएकी प्रसरण पावते, म्हणून आच सावकाश वाढवतात. सु. १,०००° से.पर्यंत भाजलेला माठ सच्छिद्र राहतो. झिरपलेले पाणी बाहेर उडून जाताना आतले थंड होते. बरणी १,२००° ते १,३००° से.ला भाजतात, तिच्या अंगातील छिद्रे बुजतात. वरची झिलई म्हणजे काचेचाच थर. कोबाल्टने तिला निळा, तांब्याने हिरवा व लोहाने तपकिरी रंग येतो.

मुंबईतील परंपरा : सर जे. जे. कला विद्यालयात (स्थापना १८५७) जॉर्ज टेरी यांनी १८७० च्या दशकात मृत्पात्रीची कार्यशाळा चालवली. तेथील झिलईदार भांड्यांवर अजिंठ्याच्या चित्रांतील आकृत्या रंगवल्या जात. धारावीच्या कुंभारवाड्यात सौराष्ट्रातून आलेली कुंभार कुटुंबे घरांच्या मधोमध विटांच्या उघड्या भट्ट्या पेटवतात. इंधन कापसाच्या व चिंध्यांच्या टाकाऊ मालाचे. या भट्ट्यांचा ताव बरणी पिकवण्याइतका चढत नाही. म्हणून माठ, कुंड्या व पणत्या हाच तेथील मुख्य माल आहे.