काचबिंदू आणि डोळ्यातील रक्तवाहिन्या: नसेजवळचा रक्ताचा ठिपका काय सांगतो?

डोळा लाल झाला की आपण घाबरतो आणि लाल नसला की निश्चिंत होतो. काचबिंदूच्या बाबतीत हा हिशोब बऱ्याचदा चुकतो. नेहमी आढळणाऱ्या खुल्या कोनाच्या काचबिंदूत डोळा पांढरा, स्वच्छ असतो, दुखत नाही, समोरचे नीट दिसते. पण कडेची नजर हळूहळू जात असते. रक्तवाहिन्यांत बदल होतात, ते डोळ्याच्या मागच्या पडद्यावर. ते आरशात दिसत नाहीत.

काचबिंदूत नेमके काय होते?

डोळ्यात सतत पाणी तयार होते आणि बाहेर वाहून जाते. त्याचा निचरा नीट झाला नाही की डोळ्यातील दाब वाढतो. हा दाब साधारणपणे १० ते २१ मिलिमीटर पारा असतो. डोळ्याकडून मेंदूकडे जाणाऱ्या नसेत दहा लाखांच्या आसपास तंतू असतात. काचबिंदूत ते एकेक करून मरतात आणि परत येत नाहीत. मोतीबिंदूशी याची गल्लत करू नका. मोतीबिंदूचे ऑपरेशन झाल्यावर पुन्हा दिसू लागते. काचबिंदूत गेलेली नजर कोणत्याही ऑपरेशनने परत मिळत नाही, उरलेली तेवढी वाचवता येते. म्हणून ‘बिंदू पिकल्यावर बघू’ हा विचार इथे फार महागात पडतो.

रक्तवाहिन्या कशा बदलतात?

पडद्याला रक्त देणारी मुख्य रोहिणी आणि रक्त परत नेणारी नीला याच नसेच्या तोंडातून आत-बाहेर जातात. या तोंडाला मध्यभागी छोटा खळगा असतो. तंतू मेले की खळगा रुंद आणि खोल होतो. मग वाहिन्या नाकाच्या बाजूला सरकतात आणि विहिरीच्या काठावरून आत सोडलेल्या दोरीसारख्या एकदम वाकून दिसेनाशा होतात. नसेभोवतीच्या रोहिण्या बारीक होतात, केशवाहिन्या विरळ होतात. ओसीटी अँजिओग्राफी या तपासणीत हा विरळपणा सुई न टोचता दिसतो, पण निदानासाठी ती प्रत्येकाला लागतेच असे नाही.

आधी रक्तपुरवठा कमी होतो की आधी तंतू मरतात, यावर नेत्रतज्ज्ञांत जुना वाद आहे. माझ्या मते रुग्णाने त्यात अडकू नये. दोन्ही एकमेकांना वाढवतात.

रक्ताचा छोटा ठिपका

नसेच्या कडेवर कधी कधी ज्योतीसारखी बारीक रक्ताची रेघ दिसते. कॅनडातील नेत्रतज्ज्ञ स्टीफन ड्रान्स यांनी तिच्याकडे लक्ष वेधले, म्हणून तिला ड्रान्स हेमरेज असेही म्हणतात. तिने दुखत नाही, अंधुक दिसत नाही. काही आठवड्यांत, फार तर दोन-तीन महिन्यांत ती विरून जाते. पण ज्या डोळ्यात ती दिसते, त्यात आजार पुढे सरकण्याची शक्यता जास्त असते. दाब ‘नॉर्मल’ असलेल्या काचबिंदूत ती अधिक आढळते. म्हणून फक्त दाब मोजून घरी पाठवणे पुरेसे नाही. बाहुली मोठी करण्याचे औषध घालून नस पाहिली का, हे विचारा.

इथे जव्हार-मोखाड्यातली एक अडचण सांगायलाच हवी. दिवाळीनंतर अनेक कुटुंबे भिवंडी-वसईकडे वीटभट्टीवर जातात आणि पावसाच्या तोंडावर परततात. तेवढ्या काळात रेघ येऊन गेलेलीही असते आणि थेंबही संपलेले असतात. वांगणीसारख्या गावातून निघण्याआधी जव्हारच्या पतंगशाह कुटीर रुग्णालयात किंवा जवळच्या सरकारी दवाखान्यात डोळे तपासण्याची चौकशी करा. पुढे नाशिकला किंवा ठाण्याला पाठवले तर टाळू नका. थेंबांची बाटली आणि तपासणीचा कागद सोबत न्या. भट्टीजवळच्या दवाखान्यात तोच कागद कामाला येतो.

रक्तदाब, मधुमेह आणि सिकलसेल

रात्री झोपेत रक्तदाब थोडा उतरतो. तो फारच उतरला तर नसेला रक्त कमी पडते. रक्तदाबाची गोळी रात्री घेत असाल तर नेत्रतज्ज्ञाला सांगा. स्वतःहून बंद करू नका.

मधुमेह बराच काळ अनियंत्रित राहिला किंवा पडद्याची मुख्य नीला बंद झाली, तर बुबुळाच्या रंगीत पडद्यावर नव्या, नाजूक वाहिन्या उगवतात आणि निचऱ्याची वाट बुजवतात. या काचबिंदूत डोळा खरोखर लाल होतो, ठणकतो आणि नजर झपाट्याने जाते.

आदिवासी भागात सिकलसेलची तपासणी होते, ती डोळ्यासाठीही उपयोगी आहे. लाकूड फोडताना ढलपी लागून डोळ्यात रक्त साचले, तर विळ्याच्या आकाराच्या पेशी निचऱ्याच्या जाळीत अडकतात आणि दाब वाढतो. हे सिकलसेलच्या वाहकांतही घडू शकते. दाब उतरवणारी काही औषधे अशा रुग्णाला त्रासदायक ठरतात. त्यामुळे मार लागल्यावर सिकलसेलचे कार्ड दाखवायला विसरू नका.

डोळा लाल असेल तर

काचबिंदूच्या काही थेंबांमुळेच डोळ्याच्या पांढऱ्या भागावरच्या वाहिन्या फुगतात आणि डोळा लालसर दिसतो. यासाठी थेंब बंद करू नका, डॉक्टर औषध बदलून देतील. मेडिकलवाल्याकडून ‘लाली जाण्याचे’ स्टेरॉइडचे थेंब तर मुळीच घेऊ नका. ते आठवडेच्या आठवडे घातले तर त्यांच्यामुळेच दाब वाढतो. मात्र एकाएकी डोळा लाल होऊन प्रचंड दुखू लागला, उलटी झाली, दिव्याभोवती रंगीत कडी दिसू लागली, तर सकाळची वाट न पाहता त्याच रात्री रुग्णालय गाठा. कोन अचानक बंद झाल्याची ही लक्षणे आहेत.

चाळिशी ओलांडली असेल, किंवा आई-वडील, भाऊ-बहीण यांपैकी कुणाला काचबिंदू असेल, तर चष्म्याचा नंबर काढायला गेल्यावर डोळ्याची नसही तपासून मागा. बाहुली मोठी केल्यावर काही तास अंधुक दिसते, म्हणून सोबत कुणाला तरी घेऊन जा.