बडीशेप, सौंफ, बादियान

जेवण झाल्यावर आपण चिमूटभर बडीशेप तोंडात टाकतो आणि विसरून जातो. पण या इवल्या दाण्याच्या नावांत इतिहासाचे अनेक थर साठले आहेत.

बडीशेपेचे मूळ घर भूमध्य समुद्राचा किनारा. ग्रीक लोक तिला ‘मॅराथॉन’ म्हणत. इ.स.पू. ४९० मध्ये अथेन्सने इराणी फौजेचा ज्या मैदानात पराभव केला, त्याचे नाव या रोपावरूनच पडले, असे मानले जाते.

फारसीत तिची दोन नावे : राझियाना आणि बादियान. पहिले अरबीत ‘राझियानज’ झाले. इब्न सीना (९८०–१०३७) यांच्या ‘अल्-कानून’मध्ये ती याच नावाने येते, नजर तेज करणारी, अशी तिची नोंद आहे. दुसरे नाव आपल्याकडच्या हकिमांच्या नुस्ख्यांत रुळले. पोटाच्या तक्रारीवर अर्क-ए-बादियान देतात.

खरी गंमत पुढे आहे. चीनकडून चांदणीच्या आकाराचे एक फळ आले. बडीशेप कोथिंबिरीच्या कुळातली, तर हे झाडाचे फळ. दोघांचे काही नाते नाही. मात्र अॅनेथॉल हे सुगंधी द्रव्य दोहोंत आहे, त्यामुळे वास जुळतो. फारसी जाणणाऱ्यांनी त्याला ‘बादियान-ए-खताई’, म्हणजे चीनची बडीशेप म्हटले. मराठीत ‘खताई’ गळाले, ‘बाद्यान’ तेवढे उरले. काश्मीरमध्ये बादियान म्हणजे आजही बडीशेपच. महाराष्ट्रात मात्र गोडा मसाला करणारी गृहिणी बाद्यान मागते, तेव्हा वाणी चक्रीफूल देतो. सोवळ्यातल्या स्वयंपाकघरातही हा फारसी शब्द कधीचाच घरचा झाला आहे.

आणि ‘बडीशेप’? ‘शेप’ हा संस्कृत ‘शतपुष्पा’चा वंशज, शेपूचा सख्खा भाऊ. शेपूचे बी ते बाळंतशेप, बाळंतिणीला देतात ते. त्याहून मोठा दाणा ती बडीशेप. ‘थोर’ किंवा ‘मोठी’ न म्हणता मराठीने इथे ‘बडी’ म्हटले. हा तोंडवळा हिंदुस्थानी-दखनी बोलीचा. एकाच शब्दात दोन भाषा शेजारी बसल्या आणि कुणालाही त्याचे नवल वाटले नाही.

आमच्या उर्दू माध्यमाच्या वर्गातली मुले घरी ‘सौंफ’ म्हणतात, बाजारात ‘बडीशेप’ मागतात. यातला आपला शब्द कोणता, असे विचारले तर ती गोंधळतात. कारण हा प्रश्न त्यांचा नाही, मोठ्यांनी त्यांच्यापुढे ठेवलेला आहे. हल्ली शब्दांनाही धर्म चिकटवून त्यांची वाटणी करण्याची हौस वाढली आहे. फारसी शब्द वेचून बाहेर काढावेत, असे म्हणणाऱ्यांनी एकदा मसाल्याचा डबा उघडून पाहावा. बाद्यान बाहेर काढले, तर गोडा मसाला पूर्वीचा राहणार नाही. तसेच, मराठी परकी मानून मुलांना तिच्यापासून दूर ठेवणाऱ्या आपल्याच माणसांनी ध्यानात घ्यावे की ‘बडीशेप’ या शब्दातला अर्धा वाटा आपल्या बोलीचा आहे.