छातीच्या दुखण्याची पुण्यातली गोष्ट



तान्ह्या बाळाला धाप लागून पोट उडायला लागलं, की जुन्या बायका म्हणायच्या, ‘डबा झाला.’ मग पोटाला चटके दिले जायचे. हा डबा म्हणजे बहुतेक वेळा न्यूमोनिया, फुप्फुसाला झालेला संसर्ग. शंभर वर्षांपूर्वी मोठ्या दवाखान्यातही त्यावर हमखास औषध नव्हतं.

1928 मध्ये लंडनला अलेक्झांडर फ्लेमिंग यांना बुरशीतून पेनिसिलिन सापडलं. आपल्याकडे मात्र ते परदेशातून आणावं लागे. म्हणून सरकारनं 1954 मध्ये पुण्याशेजारी पिंपरीला हिंदुस्थान अँटिबायोटिक्स ही कंपनी काढली. जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफ यांनी मदत केली. 1955 मध्ये पिंपरीचं पेनिसिलिन तयार होऊ लागलं.

पण प्रत्येक न्यूमोनिया पेनिसिलिननं बरा होत नाही. ते जिवाणूंना मारतं, विषाणूंवर चालत नाही. हा फरक पुण्यानं 2009 मध्ये सोसला. 3 ऑगस्टला स्वाइन फ्लूनं देशातला पहिला मृत्यू पुण्यात झाला. ती 14 वर्षांची शाळकरी मुलगी होती. शहर हादरलं. शाळा बंद झाल्या, तोंडाला रुमाल आले, नायडू रुग्णालयात तपासणीसाठी रांगा लागल्या. घशातले नमुने तपासणारी राष्ट्रीय विषाणू संस्था पुण्यातच होती. या आजाराचं औषध पहिल्या दोन दिवसांत सुरू झालं तर जास्त गुण येतो. म्हणजे औषधाइतकंच वेळेवर निदानही महत्त्वाचं.

9 मार्च 2020 ला राज्यातले पहिले दोन कोरोना रुग्णही पुण्यातच सापडले आणि नायडू रुग्णालयात दाखल झाले. कोरोनानं आणखी एक गोष्ट शिकवली. माणूस बोलत-चालत असतो, तरी त्याच्या रक्तातला ऑक्सिजन कमी झालेला असू शकतो. म्हणून रुग्णालयात बोटाला यंत्र लावतात, छाती ऐकतात, एक्स-रे काढतात, गरज पडल्यास बेडका आणि रक्त तपासतात. जंतू कोणताही असो, ऑक्सिजन कमी पडला तर तो आधी द्यावा लागतो.

मैत्रिणींनो, निदानाची पहिली पायरी मात्र आपल्या घरातच आहे. बाळ शांत असताना पूर्ण एक मिनिट त्याचा श्वास मोजा. दोन महिन्यांच्या आतल्या बाळाचा 60 किंवा जास्त, वर्षाच्या आतल्याचा 50 किंवा जास्त, एक ते पाच वर्षांच्या मुलाचा 40 किंवा जास्त भरला, तर लगेच दवाखाना गाठा. फासळ्यांखालचा भाग आत ओढला जात असेल, बाळ अंगावर पीत नसेल, ओठ निळे पडले असतील, तर 108 ला फोन करा. मोठ्या माणसालाही धाप लागली, तो बरळू लागला, तर थांबू नका.

चटके नकोत. दुकानातून मनानं आणलेल्या गोळ्या नकोत. डॉक्टरांनी दिलेलं औषध बरं वाटलं म्हणून मध्येच सोडू नका. आणि न्यूमोनियाची लस आता सरकारी दवाखान्यात मोफत मिळते. दीड महिना, साडेतीन महिने आणि नऊ महिने, या तिन्ही वेळा चुकवू नका.

पुढच्या बैठकीत घड्याळ घेऊन बसा आणि श्वास मोजायला एकमेकींना शिकवा.