गडाची दोन नावे

बेळगावहून खानापूर रस्त्याने पिरनवाडी ओलांडली की डाव्या हाताला, येळ्ळूरच्या पलीकडे, माथ्यावर तट मिरवणारा एक डोंगर दिसतो. कुणी त्याला येळ्ळूरगड म्हणतो, कुणी राजहंसगड. पहिले नाव पायथ्याच्या गावावरून पडले, दुसरे किल्ल्याचे. मुख्याध्यापक झालो तरी भूगोलाचा एक तास मी सोडलेला नाही, आणि "सर, खरं नाव कोणतं?" हा प्रश्न त्या तासाला दरवर्षी येतोच. मी मुलांना थेट हिमालयात नेतो.

राधानाथ सिकदार या बंगाली गणितज्ञाच्या आकडेमोडीतून १८५२ च्या सुमारास 'शिखर क्रमांक १५' जगात सर्वांत उंच ठरले. १८५६ साली सर्व्हेअर जनरल अँड्र्यू वॉ यांनी २९,००२ फूट ही उंची जाहीर केली आणि शिखराला आपले पूर्वाधिकारी जॉर्ज एव्हरेस्ट यांचे नाव सुचविले. स्थानिक नाव सापडत नाही, ही सबब! नेपाळ-तिबेटची दारे परक्यांना बंद, विचारणार कोणाला? वास्तविक तिबेटी लोकांचे चोमोलुंग्मा हे नाव अठराव्या शतकातच पॅरिसच्या नकाशात छापले गेले होते. मौज अशी, की खुद्द एव्हरेस्टसाहेबच नाराज होते. स्थानिक नावे राखावीत हा त्यांचाच दंडक. शिवाय आपले नाव इथल्या माणसांच्या जिभेवर बसणार नाही, ही तक्रार. तरीही १८६५ मध्ये लंडनच्या रॉयल जिऑग्राफिकल सोसायटीने तेच कायम केले. विसाव्या शतकात नेपाळने 'सागरमाथा' नाव स्वीकारले. २०२० साली नेपाळ व चीन यांनी ८,८४८.८६ मीटर ही उंची एकत्र जाहीर केली. आकडा एक झाला, नावे मात्र ज्याची त्याने राखली.

हे आम्हां सीमाभागातल्यांना नवे नाही. त्याच २०२० च्या ऑगस्टमध्ये पिरनवाडीच्या चौकात नावावरून वातावरण तापले होते. अखेर चौकाला छत्रपती शिवाजी महाराजांचे नाव आणि पुतळा संगोळ्ळी रायण्णांचा, असा तोडगा निघाला. ते चार दिवस कानडी-मराठी मुले एकमेकांशी बोलत नव्हती.

गडाची दोन्ही नावे मी वहीत लिहून घेतो. एकदा येळ्ळूरच्या एका मुलाला विचारले, "घरी काय म्हणता रे?"

"गड," तो म्हणाला.

त्याच्या शेजारचा कानडी मुलगा म्हणाला, "आम्ही गुड्डा म्हणतो, सर."