आभासी विश्वांतील समाज
आभासी विश्वांतील समाज : संगणकांच्या जाळ्यावरील ज्या खेळांत दूरदूरच्या ठिकाणांहून अनेक व्यक्ती एकाच वेळी निरनिराळी पात्रे धारण करून वावरतात आणि एखादा खेळाडू निघून गेला तरी ज्यांतील व्यवहार इतरांकरवी चालूच राहतो, अशा कल्पित स्थळांना ‘आभासी विश्वे’ म्हणतात. तेथे नित्य भेटणाऱ्या खेळाडूंचे गट, त्यांचे नियम, वैरे आणि स्नेहसंबंध यांतून हे समाज आकारास आले. त्यांचा इतिहास खेळांच्या तांत्रिक प्रगतीपेक्षा एका जुन्याच प्रश्नाभोवती अधिक फिरतो : कल्पित जगातील कृत्याने खऱ्या माणसाला दुखापत झाली, तर न्याय कोणी करावयाचा?

इंग्लंडमधील एसेक्स विद्यापीठात रॉय ट्रबशॉ या विद्यार्थ्याने १९७८ मध्ये ‘मड’ हा खेळ रचण्यास आरंभ केला व पुढे रिचर्ड बार्टल यांनी तो पूर्णत्वास नेला. त्यात चित्रे नव्हती. आज्ञा टंकित करावयाच्या आणि पडद्यावर उमटणारे वर्णन वाचावयाचे, एवढाच त्याचा थाट होता. विद्यापीठाचा संगणक रात्री मोकळा असे, त्या वेळी बाहेरच्या खेळाडूंनाही प्रवेश मिळे. ब्रिटिश समाजातील वर्गभेदाचा निषेध या रचनेमागे होता, असे बार्टल यांनी पुढे सांगितले आहे. जन्मावर नव्हे, तर कर्तबगारीवर माणसाने वर चढावे, ही त्यामागील कल्पना. त्यांनीच १९९६ मध्ये खेळाडूंचे चार प्रकार वर्णिले : सिद्धी मिळविणारे, शोध घेणारे, गप्पांत रमणारे आणि इतरांना उपद्रव देण्यात आनंद मानणारे. यांतील चौथ्या प्रकारानेच पुढील इतिहासाला वळण दिले.

कॅलिफोर्नियातील झेरॉक्स कंपनीच्या संशोधन केंद्रात पाव्हेल कर्टिस यांनी १९९० मध्ये ‘लॅम्डामू’ हे शब्दमय विश्व उभारले. त्याचा मूळ नकाशा कर्टिस यांच्या स्वतःच्या घराच्या धर्तीवर होता. व्यवस्थापकांना तेथे ‘विझर्ड’ (मांत्रिक) म्हणत. सदस्यांची भांडणे मिटविताना थकलेल्या या मांत्रिकांनी १९९२ च्या अखेरीस जाहीर केले, की यापुढे आपण केवळ यंत्रणा सांभाळू. सामाजिक निर्णय सदस्यांनीच घ्यावेत. थोड्याच काळात, १९९३ मध्ये, एका सदस्याने आज्ञावलीच्या साहाय्याने इतरांच्या पात्रांवर ताबा मिळविला आणि भर दिवाणखान्यात त्यांच्यावर लैंगिक अत्याचार होत असल्याची वर्णने सर्वांसमोर उमटविली. घडले ते शब्दांत. तथापि पीडितांपैकी एकीने त्याविरुद्ध लिहिताना खरे अश्रू ढाळले. अपराध्याला ‘बेडूक करावे’, म्हणजे त्याचे पात्र कायमचे पुसून टाकावे, अशी मागणी झाली. सदस्यांची सभा भरली, बरीच चर्चा झाली आणि निर्णय मात्र झाला नाही. अखेर एका मांत्रिकाने एकट्यानेच ते पात्र नष्ट केले. न्याय झाला, पण तो ज्या रीतीने झाला ती कोणत्याही राज्यघटनेला मान्य होण्यासारखी नव्हती. त्यानंतर कर्टिस यांनी अर्ज व मतदान यांची पद्धत सुरू केली. जूल्यन डिबेल यांनी त्याच वर्षी या प्रकरणावर लिहिलेला लेख फार गाजला. ही लोकशाही मात्र तंट्यांत गुरफटली आणि तांत्रिक व सामाजिक निर्णय वेगळे करता येत नाहीत, अशी कबुली देऊन १९९६ मध्ये मांत्रिकांनी अधिकार पुन्हा हाती घेतले.

पुढे सचित्र विश्वे आली व व्यापार वाढला. ‘एव्हरक्वेस्ट’मधील वस्तू खऱ्या पैशांत विकल्या जाऊ लागल्या, एडवर्ड कॅस्ट्रोनोव्हा या अर्थशास्त्रज्ञांनी २००१ मध्ये तेथील दरडोई उत्पन्न रशिया व बल्गेरिया यांच्या दरम्यानचे ठरविले.

शासनाच्या प्रश्नाला सर्वांत टिकाऊ उत्तर आइसलँडमधील ‘सीसीपी’ कंपनीच्या ‘ईव्ह ऑनलाइन’ (२००३) या खेळात मिळाले. कंपनीच्याच माणसाने एका गटाला अनुकूल वर्तन केल्याचे २००७ मध्ये उघडकीस आले, तेव्हा खेळाडूंचा विश्वास परत मिळविण्यासाठी २००८ पासून त्यांनी निवडलेले सल्लागार मंडळ नेमण्यात आले. येथील राजकारण किती गंभीरपणे घेतले जाते, हे जानेवारी २०१४ मधील युद्धावरून दिसते. एका प्रदेशाचा आकार वेळेवर भरला न गेल्याने ते पेटले, सु. २१ तास चालले आणि त्यात ७,५०० हून अधिक खेळाडू उतरले; बुडालेल्या जहाजांचे मूल्य सु. तीन लाख डॉलर भरले.

या मंडळाचे एक माजी सदस्य शॉन स्मिथ हे अमेरिकेच्या परराष्ट्रसेवेत होते. खेळातही त्यांची ख्याती मुत्सद्दी म्हणूनच होती. ११ सप्टेंबर २०१२ रोजी लिबियातील बेंगाझी येथील हल्ल्यात ते मृत्यू पावले. तेव्हा खेळाडूंनी, त्यांच्या शत्रुगटांनीही, आपापल्या अंतराळ-स्थानकांना त्यांचे नाव दिले आणि त्यांच्या कुटुंबासाठी निधी जमविला.