दम खाण्याची कुळकथा

जोरात पळायचे, दम खायचा, पुन्हा जोरात पळायचे. वेग वाढवण्याची ही रीत, म्हणजे इंटरव्हल ट्रेनिंग, आज शाळेच्या मैदानावरही दिसते. तिला शास्त्राची शिस्त लावणारे जर्मन प्रशिक्षक वोल्डेमार गेर्शलर यांचे लक्ष मात्र मधल्या थांब्यावर असे.

तुकड्यातुकड्यांनी पळणे त्यांच्या आधीपासूनच होते. फिनलंडचे पावो नुर्मी १९२०च्या दशकात तसा सराव करत. पण थांबायचे किती, हे ज्याच्या त्याच्या अंदाजावर चाले. गेर्शलर यांनी तिथे नाडी आणली. फ्रायबुर्गचे हृदयतज्ज्ञ राइंडेल यांच्यासोबत त्यांनी सूत्र बांधले: १०० किंवा २०० मीटर असे पळायचे की नाडी मिनिटाला १८० ठोक्यांपर्यंत चढावी. ती १२०-१२५ वर उतरली की पुन्हा सुटायचे. उतरायला दीड मिनिटाहून जास्त लागले, तर ते पळणे झेपण्यापलीकडचे होते. वेग किंवा अंतर कमी करायचे. या शेवटच्या अटीपायी मला हे सूत्र फार मोलाचे वाटते. धावपटूची ईर्ष्या आणि प्रशिक्षकाचा आग्रह बाजूला ठेवून निर्णय त्या दिवशीच्या शरीरावर सोपवला होता.

हृदय मजबूत होते ते या विश्रांतीतच, असे राइंडेल यांचे म्हणणे. पुढच्या शरीरशास्त्रज्ञांना ते पुरते पटले नाही. प्राणवायू वापरण्याच्या कमाल क्षमतेजवळ शरीर किती वेळ राहते, याला ते महत्त्व देतात. तसा वेग सलग काही मिनिटेच टिकतो. मध्ये दम खाल्ला, तर त्याच वेगाने एकूण अंतर कितीतरी जास्त कापता येते. म्हणजे कारण बदलले, थांब्याची गरज उरलीच.

गेर्शलर यांचे शिष्य रुडॉल्फ हार्बिग १५ जुलै १९३९ रोजी मिलानमध्ये ८०० मीटर १ मिनिट ४६.६ सेकंदांत धावले. आधीचा जागतिक विक्रम १ मिनिट ४८.४ सेकंदांचा होता. जिथे दशांश सेकंदासाठी वर्षे खर्ची पडतात, तिथे एका शर्यतीत १.८ सेकंद! हा विक्रम १९५५पर्यंत टिकला. तो मोडलेला पाहायला हार्बिग नव्हते; १९४४ मध्ये, तिसाव्या वर्षी, ते पूर्व आघाडीवर मारले गेले.

चेकोस्लोव्हाकियाचे एमिल झाटोपेक थांबतही नसत. ४०० मीटरच्या वीस-वीस फेऱ्या आणि मध्ये फक्त दुडकी चाल. खाशाबा जाधवांच्या कांस्यपदकामुळे आपल्याला जवळचे असलेले १९५२चे हेलसिंकी ऑलिंपिक त्यांनी गाजवले: ५,००० मीटर, १०,००० मीटर आणि मॅरेथॉन, तिन्ही सुवर्णपदके त्यांची. तिथेच १,५०० मीटर जिंकणारे लक्झेंबर्गचे जोसी बार्थेल गेर्शलर यांच्याच तालमीतले.

मैलभर अंतर चार मिनिटांच्या आत कापण्यासाठी इंग्लंडमध्ये रॉजर बॅनिस्टर आणि सोबती ४४० यार्डांच्या दहा फेऱ्या पळत, मध्ये दोन मिनिटे विश्रांती. महिनोन्महिने वेळ कमी होत गेली आणि १९५४च्या वसंतात फेरीमागे ६१ सेकंदांवर अडली. काही केल्या पुढे सरकेना. तेव्हा बॅनिस्टर आणि ख्रिस ब्रॅशर ट्रॅक सोडून स्कॉटलंडच्या डोंगरांत कडे चढायला गेले. परतल्यावर तीच फेरी ५९ सेकंदांवर आली. ६ मे रोजी ऑक्सफर्डला बॅनिस्टर यांनी ३ मिनिटे ५९.४ सेकंद नोंदवले. सरावाचा हिशेब मांडताना डोंगरातले ते दिवस सहसा सुट्टीत धरले जातात. मी ते सरावातच धरीन.